मामांचा एक शेअर

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केलेली नाही, आणि दुसऱ्या नजरेत तर मुळीच नाही. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. आलेला माल ठोकून, मोजून, उजेडात धरून नापास करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते कर्वेनगरला राहायला आले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. ते दिसले की कलिंगडवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी माझी चौकशी आमच्या वाण्याकडे, न्हाव्याकडे आणि ऑफिसच्या वॉचमनकडे केली होती. "मुलगा चालेल," असा त्यांचा निकाल आला. "वाण्याकडे उधारी नाही. मात्र न्हाव्याशी बोलतो फार." एवढ्या शिफारशीवर आमचं लग्न झालं.

अशा माणसाला एकुलती एक मुलगी. मुक्तासाठी येणाऱ्या स्थळाची चौकशी कशी करायची, याची तयारी मामा ती शाळेत असल्यापासून मनातल्या मनात करत होते. मुक्तानं इंजिनियर होऊन लग्नाचा विषयच मिटवला आणि समुद्रात तेलासाठी खणणाऱ्या एका रिगवर नोकरी धरली. वडिलांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. मामी गेल्यानंतर तर बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं. त्या मुक्ताचा एक दिवस फोन आला. कंपनी आपल्या माणसांना सवलतीत शेअर देतेय, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, साठवलेलं सगळं त्यात घालू का? "बाबा, तुम्ही बघून सांगा." मामांनी फोन ठेवला आणि मला तातडीनं बोलावून घेतलं. "जावईबापू, तिनं मला विचारलंय," ते म्हणाले. शेअरचं नाव त्यानंतर बऱ्याच वेळानं निघालं.

मग जी चौकशी सुरू झाली, ती एखाद्या खानदानी स्थळाचीही कुणी केली नसेल. पहिल्याच दिवशी मामांना धक्का बसला. कंपनीकडे स्वतःच्या तेलाचा एक थेंब नव्हता. दुसऱ्यांच्या तेलविहिरी खणून द्यायच्या, रिग आणि माणसं भाड्यानं पुरवायची, हा तिचा धंदा. "म्हणजे स्वतःचं घर नाही!" मामा हादरून म्हणाले. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत बोअर मारायला घेतली होती. मामा मशीनशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगावर पांढऱ्या भुकटीचा थर बसला, पण खालून पाणी काही आलं नाही. बोअरवाल्यानं फुटाच्या हिशेबानं पूर्ण बिल घेतलं आणि तो निघून गेला. मीटिंगमध्ये सभासद त्याच्या नावानं बोटं मोडत होते आणि मामा एकटेच खुशीत. "याला म्हणतात धंदा! पाणी लागो न लागो, रडायचं सोसायटीनं. तो कशाला रडेल?"

ही खुशी चार दिवस टिकली. वारज्याकडे जाताना त्यांना तीच बोअरची गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली. पाऊस बरा झाल्यामुळे बोअर मारायला कुणी बोलवत नव्हतं, आणि गाडीचे हप्ते मात्र सुरूच होते. मामा तिथून थेट माझ्याकडे आले. "तेल स्वस्त झालं की तेलवाले खणायचं थांबवणार. मग ह्यांच्या रिग अशाच उभ्या. किती भाड्यावर आहेत, किती रिकाम्या, ते बघा आधी." पन्नाशीला आलेल्या मला त्यांनी कंपनीचा अख्खा वार्षिक अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायला लावलं. पाठपोट, कारण मी कागदाची नासाडी करतो असं त्यांचं आधीपासूनच मत आहे. मालकांनी आपले शेअर बँकेकडे तारण ठेवलेत का, याला ते "घरातले दागिने गहाण आहेत का" म्हणत. ऑडिटर मध्येच बदललेला दिसला तेव्हा म्हणाले, "भर लग्नात भटजी बदलला? काहीतरी झालंय." कामगारांच्या सुरक्षिततेवरचं पान मात्र त्यांनी कितीदा वाचलं, मला माहीत नाही. त्याचे कोपरे मऊ पडले होते.

महिनाअखेरीला मुक्ताचा फोन आला. मामांनी घसा साफ केला. "शेअर बरा आहे. तू घेऊ नकोस." "का?" स्पीकरवरून आवाज आला. "अगं, पगारही तिथून आणि साठवणही तिथंच? उद्या त्यांचं बिनसलं तर दोन्ही एकदम जायचं." मग ती म्हणाली, "बरं बाबा. नाही घेत." मामा फोनकडे बघतच राहिले. लेकीनं ऐकल्याची त्यांना सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून स्वतःच्या नावानं त्या कंपनीचा शेअर घेववला. एक. "एकच?" मी विचारलं. "प्रश्न विचारायला एक पुरतो."

कंपनीची वार्षिक सभा कॉम्प्युटरवर होती. मामा वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा घालून बसले. बाकीच्यांनी लाभांश विचारला, बोनस विचारला, अध्यक्षांच्या तब्येतीचं कौतुक केलं. मामांची पाळी आली. त्यांनी आपलं खडकीचं हिंदी काढलं. "साहेब, समुद्र खवळने के बाद रिगवरके बच्चों को वापस लानेका, ये कौन ठरवता है? रिगवाला, के ऑफिसवाला?" अध्यक्ष म्हणाले, रिगवरचा प्रमुख ठरवतो, ऑफिसला विचारावं लागत नाही. मामांनी मान हलवली. मामांना काही पास करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. "बाबा, इथं जेवणाच्या हॉलमध्ये सगळे सभा ऐकत होते. ते तुम्ही होतात ना?"

"छे! मी कशाला? जेवलीस का?"

"नाही. बोला ना अजून," ती म्हणाली.

त्यानंतर तो शेअर बराच उतरलाय. परवा मी सहज म्हटलं, "मामा, काढून टाकू या का?" ते कलिंगड उजेडात धरून बघत होते. ते खाली ठेवून म्हणाले, "अहो, काढून कसा टाकता? पोर आहे तिथं."