वाघ्याच्या तोंडची पिसं

शेजारच्या शांताकाकू आज सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याला नवी जाळी बांधत होत्या. काल त्यांच्या दोन कोंबड्या कुत्र्याने मारल्या. काकू विचारायला आल्या, तेव्हा मी म्हणालो होतो, "आमचा वाघ्या बांधलेला होता. गावातलं भटकं कुत्रं असेल." वाघ्याच्या तोंडाची पिसं मी तेव्हा नुकतीच पुसली होती. भांडण टळलं, शेजार टिकला, एवढंच मनात होतं. पण खोट्यावर टिकलेला शेजार किती एकटं पाडतो! त्यांची वाकलेली पाठ बघवेना. कुंपणाशी जाऊन सगळं सांगितलं.

काकूंचे हात थांबले. "अरे, मग ह्यांनी त्या भटक्या काळ्या कुत्रीला उगाच मारलं रे. लंगडत गेली बिचारी वेशीकडे."

त्या पुन्हा जाळीकडे वळल्या. मी भाकरी घेऊन वेशीपाशी गेलो. कुत्री दिसली. हाक मारली, तर माणूस बघून ती आणखी लांब पळाली.