पहिला पेरू

नातवंडांनो, पडेगावच्या रस्त्यावर पेरूची गाडी लावणाऱ्या एका माणसाचा मला फार हेवा वाटतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी मी पोहोचते तेव्हा तो खात असतो. टोपलीतला सगळ्यांत चांगला पेरू निवडतो, चार फोडी करतो, तिखटमीठ लावतो आणि डोळे मिटून सावकाश खातो. तोवर गिऱ्हाईक उभं.

"आधी मला द्या, मग खा," एकदा मी म्हणाले.

"थांबा जरा मावशी, बोहनी चाललीय."

"बोहनी म्हणजे पहिली विक्री."

"ती दुसऱ्यांची. आपली बोहनी आपल्या पोटात."

आधी तो कंपनीत होता, मग रिक्षा चालवली, आता पेरू. पुढं काय, असं विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला की बघू. कामं लई बदलली, सकाळचं खाणं नाय बदललं."

मी चौतीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं. घंटेवर डबा उघडला, घंटेवर बंद केला. घरी चांगलं फळ आधी आजोबांना, मग तुमच्या आईला, आणि डागाळलेलं मला. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर स्वतःचाच जास्त राग आला.

त्या दिवशी घरी येऊन पेरू धुतले, पुसले, टोपलीत नीट मांडले. त्यांतला सर्वांत मोठा ओट्यापाशी उभी राहून एकटीनं खाल्ला.

आजोबांनी डोकावून विचारलं, "तो मोठा पेरू कुठं गेला?"

"बोहनी झाली," मी म्हणाले.