चिमणाबाईच्या कपाळावरची पट्टी

गंगावेशीत म्हैस रस्त्यात उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची रीत. त्यातही चिमणाबाईची तऱ्हा न्यारी. धारेला बसण्याआधी ती रिकामी चरवी गिऱ्हाइकासमोर उपडी करायची. "बगा पावणं, पाण्याचा थेंब हाय का? मागनं बोलायचं काम न्हाय." गिऱ्हाईक बिचारं काही बोललेलंच नसायचं! पण जगात सगळेच लबाड, काहींचं फक्त अजून उघडकीला यायचंय, असा बाईचा पक्का समज. नळाला पाणी आलं नाही तरी ती आधी शेजारच्या अंबूबाईच्या दाराकडे बघायची.

बहात्तर साली हे बघणंच अवघड झालं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकलेला, डावा धुरकट. एकदा तर पेला समजून तिनं एका पैलवानाच्या धोतरावर दूध ओतलं आणि वर त्यालाच झापलं, "हात का हालवलास?"

शेवटी तिचा मुलगा बाळासो बोलला, "आई, शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलंय. मिरजंचं डागदर फुकाट ऑपरेशन करत्यात. डोळा सुदारला तर ठीक, न्हायतर दिवाळी झाली की म्हशी वडगावच्या बाजारात."

"फुकाट? कशापायी?"

"सेवा म्हणून."

"सेवा! पोटच्या पोरानं कदी तांब्याभर पाणी दिलं न्हाय, आन् मिरजंचा डागदर सेवा करतोय व्हय?"

त्यात अंबूबाईनं तेल ओतलं. "कागलकडं एका म्हाताऱ्याचा डोळा काढून मुंबईच्या शेटला बसीवला म्हणं."

"कोण म्हणं?"

"लोक म्हणत्यात बाई. मी कशाला म्हणू?"

चिमणाबाईनं पदरानं दोन्ही डोळे झाकून घेतले. पण म्हशी गेल्या तर उरायचं काय? नवऱ्यामागं वीस वर्षं त्याच धारांवर तिनं घर ओढलेलं. ती शिबिराला गेली, पण कसायाकडे निघाल्यासारखी.

शाळेच्या वर्गांत बाकं हलवून गाद्या टाकल्या होत्या. एका बाईनं तिचा चेहरा धुतला, पापण्यांचे केस कातरले. चिमणाबाईनं दात आवळून ते सोसलं. मग त्या बाईनं न बोलता तिच्या कपाळावर, उजव्या डोळ्याच्या वर, चिकटपट्टीचा तुकडा दाबला आणि पुढे गेली. डोळे बारीक करून चिमणाबाईनं रांगेत बघितलं. सगळ्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर पांढरं काहीतरी!

वडगावच्या बाजारात सौदा ठरला की जनावराच्या कपाळावर गुलाल पडतो. गुलाल पडलेलं जनावर पुन्हा दावणीला येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं पट्टी टरकन ओढली आणि गादीखाली कोंबली.

"बाळासो! इकलंस मला?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाळासोला तोंड कुठं लपवावं कळेना. तेवढ्यात डॉक्टर आले. तिला दिसला नुसता पांढरा धुरळा.

"आजी, पट्टी कुठं गेली?"

"आदी सांगा, कुणी घेतलंय मला?"

प्रकार कळल्यावर ते हसले नाहीत. "ज्या डोळ्याचं करायचं, त्याच्यावर पट्टी लावतो. नव्वद माणसं आहेत. चुकून दुसऱ्याच डोळ्याला हात लागायला नको."

"म्हंजे चुकतासा तुमी!"

"चुकू शकतो. म्हणून तर पट्टी."

बाजारात उभा जन्म गेला, पण मी चुकेन म्हणणारा व्यापारी तिला भेटला नव्हता. तिनं गादीखालची पट्टी काढून पुढं केली. "लावा. पर काय काढाल त्ये माज्या हातात द्यायचं."

टेबलावरही तिची टकळी थांबली नाही. आता काय करतासा, हे गार काय लागलं, कात्रीचा आवाज कशापायी? दोन्ही डोळे बांधून तिला गादीवर आणलं, तेव्हा डॉक्टरांनी शब्द पाळला. तळहातावर कापूस आणि त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी ओलसर. तिनं ते चाचपलं आणि बाळासोला दाखवलं. "ह्यो डोळा न्हाय न्हवं?"

"न्हाय गं आई."

त्याच्यावर कसला विश्वास! तिनं शेजारच्या गादीवर हात लांबवला. "धोंडुबाई, तुमी बगा जरा."

"मला काय दिसतंय? माजं बी बांदल्यात!"

आठव्या दिवशी पट्ट्या सुटल्या. नाकावर जाड भिंगाचा चष्मा चढला. आधी खिडकीचे गज दिसले, मग बाळासोच्या दाढीचे वाढलेले खुंट, मग समोर एक काटकुळं, बिनमिशीचं पोरगं.

"डागदर कुठं हायत?"

"मीच की आजी. ही बोटं किती?"

"तीन. आन् आंगठी न्हाय, म्हंजे लगीन झालेलं न्हाय." तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आदी दिसला असतास तर डोळ्याला हात लावू दिला नसता!"

वर्गात हशा पिकला. डॉक्टरही हसले. "दुसरा डोळा पुढच्या हिवाळ्यात करू."

चिमणाबाईनं चष्मा सावरून पुन्हा एकदा त्यांना पारखलं. "तूच यायचंस. दुसरा कुणी चालायचा न्हाय. आन् तवर जरा मिशी राख."