रमजानात मी ओरडणं सोडलं

आधी तो चहा संपवा बरं का, मग सांगतो. मध्येच ठसका लागला तर माझ्यावर ढकलू नका. गाढवपणा माझा एकट्याचा, पण त्यात अख्खा क्लास गोत्यात आला, असा हा मामला आहे.

मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरांना माझं शिकवणं आवडतं. ओरडणं मात्र शेजारच्या क्लासलाही ऐकू जातं! भूकंप पाहिलेली माणसं इथली, तरी मी टेबलावर डस्टर आपटला की खालचा झेरॉक्सवाला दुकानाबाहेर येऊन वर बघतो.

त्या वर्षी रमजानचा चाँद दिसला आणि आमची बायको नसीमा म्हणाली, “पेट का रोजा तो रखते जी तुम. जबान का कौन रखता?”

झोंबलं हो! दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि त्याच घशानं लेकरांचा उद्धार करायचा, याला काय अर्थ आहे? तिथल्या तिथं ठरवलं, महिनाभर कुणावर ओरडायचं नाही. आणि हे कुणाला सांगायचंही नाही. नेकीचा गाजावाजा केला की तिची बरकत जाते, असं आमचे अब्बा म्हणायचे.

इथंच मी माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी एका पोरानं भलतंच उत्तर दिलं. एरवी मी म्हणालो असतो, “डोकं गावाकडं ठेवून आलास का रे?” त्या दिवशी म्हणालो, “बेटा, परत एकदा बघ बरं.” वर्ग थिजला. पोराच्या हातातला पेन खाली पडला.

मग मागच्या बाकावरची गौरी उभी राहिली. लातूरजवळच्या मुरुडची पोरगी. वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाली, “सर, टॉर्कचं कळलं न्हाई.” मी हसत हसत पुन्हा समजावलं. ती रोज काही ना काही विचारायला लागली.

आता क्लासचे मालक, बिराजदार सर, माझ्याभोवती घुटमळायला लागले. “पठाण सर, तब्येत बरी हाय न्हवं?” दुसऱ्या दिवशी मला गादीची खुर्ची आली. मग माझ्या वर्गात नवा कूलर. मी मनात म्हटलं, बघा, सब्राचं फळ! पोटात अन्नाचा कण नाही आणि मी फुगत चाललो होतो. रोजा ठेवून अहंकार खात होतो म्हणा ना!

एकदा सरांनी भीतभीत विचारलं, “सर, मनात काही ठरवून राहिले का तुम्ही?”

मी डोळे मिटून, अगदी पीरबाबाच्या थाटात म्हणालो, “ठरवलंय. पण त्याची चर्चा नको.”

त्यांचा चेहरा पांढराफटक!

आता तुम्हाला आमच्या लातूरची एक रीत सांगतो. इथं एखादा सर एकाएकी गोड बोलायला लागला की समजायचं, गडी दुसऱ्या क्लासवर चालला. जाता जाता वाईटपणा कशाला, म्हणून ही साखरपेरणी! त्यात मी रविवारी इफ्तारला बहिणीकडं नांदेडला गेलो होतो. तिथल्या बसस्टँडवर मला कुणीतरी पाहिलं. झालं! पठाण सर नांदेडच्या क्लासवर चालले, अशी आवई उठली. परीक्षा तोंडावर, पोरांची झोप उडाली, आणि मी आपला बरकत मोजतोय!

एका संध्याकाळी अजानला थोडा वेळ असताना दार वाजलं. बघतो तर बिराजदार सर, गौरी, तिचे वडील मल्लिनाथअप्पा आणि मागं जिनाभर पोरं. हातात टरबूज, केळी, खजूर. माझे डोळेच भरून आले. माझ्या इफ्तारीला एवढी माणसं! “या, या!” करून मावतील तेवढ्यांना आत घेतलं. नसीमा सरबतात पाणी वाढवत सुटली.

मग मल्लिनाथअप्पा हात जोडून म्हणाले, “सर, नांदेडात असं काय हाय, जे हितं न्हाई?”

“बहीण,” मी म्हणालो.

अप्पांनी बिराजदार सरांकडं बघितलं. “मग बहिणीला बी आणू की हितं! सर, सोय करता न्हवं?”

“करतो की! सरांच्या शेजारचीच खोली देतो!”

“अहो, पण कशाला?”

“ते काय बी असू द्या. पर परीक्षेपर्यंत तरी थांबा. माझी लेक रडून राहिली हो रोज! कवा जाणार ते तरी सांगा!”

“सर, आमचं काय चुकलं?” जिन्यातून एक पोरगा रडवेल्या आवाजात ओरडला.

आणि माझा तोल गेला. “अरे गाढवांनो! कोण चाललंय? कुठं चाललंय? न्यूटनचे नियम पाठ होत नाहीत आणि अफवा बऱ्या पाठ होतात! उद्या सगळ्यांची टेस्ट घेतो!”

आणि असा जल्लोष झाला म्हणून सांगू! पोरं नाचायला लागली. बिराजदार सरांनी मला मिठी मारली. “वरडले! सर आपलेच हायत!” अप्पा डोळे पुसत होते. तेवढ्यात अजान झाली आणि अप्पांनीच माझ्या तोंडात खजूर घातला.

गौरी तेवढी दाराशी उभी होती, तोंड एवढंसं करून.

“काय गं बेटा?”

“तुम्ही जाणार न्हाई, बरं झालं, सर. पण आता पुन्हा पहिल्यासारखं ओरडणार. मला डाउट विचारायचा होता. या महिन्यातच विचारायला जमत होतं.”

खजूर घशात अडकला. इतकी वर्षं मी समजत होतो, मी असा काही शिकवतो की माझ्या वर्गात कुणाला शंकाच उरत नाही! लाज वाटली, खरं सांगतो.

“विचार ना,” मी अगदी हळू म्हणालो.

तिनं तोंड उघडलं, पण पोरांच्या गलक्यात एक अक्षर ऐकू येईना. मला राहवलं नाही. उठलो आणि छप्पर हादरेल असा गरजलो, “गप्प बसा रे! ती पोरगी बोलतीय, ऐकू येऊ द्या!”

घर चिडीचूप झालं. गौरीसुद्धा. मग ती हळूच नसीमाच्या पाठीमागं सरकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “काकू, तुम्हीच विचारता का सरांना?”