जागच्या जागी सहल

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चष्मेवाले. दुकानात कुणीही शिरलं की ते आधी त्याच्या नाकाकडे बघतात, मग तोंडाकडे. चष्मा दिसला की त्यावर फुंकर घालून तो पुसायचा, ही सवय हाडात इतकी मुरलेली की बोलता बोलता समोरच्याचा चष्मा न विचारता काढून, पुसून, परत त्याच्या नाकावर ठेवताना मी त्यांना पाहिलं आहे. आणि माणूस रागावत नाही, कारण त्याला एकदम सगळं लख्ख दिसायला लागतं.

एका गोष्टीवरून मात्र काका गिऱ्हाइकांना फाडून खातात. "हा चांगला चष्मा मी खास वेळेसाठी ठेवून दिलाय," असं कुणी म्हणालं की संपलंच. काउंटरवर दोन्ही हात टेकून काका म्हणणार, "डबीत ठेवलेल्या चष्म्यातून फक्त डबीला दिसतं! घाला तो डोळ्यांवर."

आणि हाच माणूस घरी काय करायचा? दोन दारांची, लांब नाकाची, लालभडक गाडी, शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांच्या खानदानातली, तीन आवरणांखाली गॅरेजमध्ये झाकून ठेवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर शिकाऊ पायांखाली क्लचचे हाल बघते, त्यामुळे माझं डोकं तसंही लवकर तापतं. बिचारी धडधाकट गाडी नुसती उभी दिसली की जास्तच तापतं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा काकांनी ती एका हौशी माणसाकडून घेतली होती. मावशीला म्हणाले होते, "हिच्यातून तुला तळ्यावर नेतो." शहराबाहेर टेकडीपलीकडे मोठं तळं आहे. मावशी पुढे तळ्यावर पुष्कळदा गेली. बसने.

गाडीच्या वाट्याला यायचा रविवार. सकाळी आवरणं निघायची, गॅरेजचं दार सताड उघडायचं आणि सगळ्यांनी बूट-चपला बाहेर ओळीने काढून मोज्यांवर आत बसायचं. काका स्टिअरिंगला, मावशी शेजारी, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर लहानपणी मी आणि माझा मावसभाऊ. खिडकीवरून आमची मारामारी व्हायची. खिडकीतून काय दिसायचं, तर गॅरेजची भिंत आणि तिला टेकलेली शिडी! काका आरशात बघून विचारायचे, "निघायचं?" इंजिन गुरगुरायचं. आम्ही दहा मिनिटं गंभीर चेहऱ्याने बसून राहायचो. मग काका किल्ली फिरवून म्हणायचे, "पोचलो." की उतरा, पाय पुसा, आवरणं घाला.

मावसभाऊ परदेशी गेला, मी चाळिशी ओलांडली, तरी रविवार चुकला नाही. मी वाद घालायचे. "काका, गाडीला रस्ता लागतो. उभ्या उभ्या तिचे सांधे धरतात."

"रस्त्यावर धूळ असते, खडे असतात आणि तुझे शिकाऊ असतात," काका म्हणायचे. "जपलं म्हणून टिकली."

या जपण्याची कीर्ती एका संग्रहवाल्यांच्या कानावर गेली. जुन्या गाड्या गोळा करणारे हे गृहस्थ आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी तिला हातच जोडले. "कोरी आहे हो! मी नवा हॉल बांधतोय. हिला मधोमध ठेवीन, चारी बाजूंनी दोरी. कुणाचं बोट लागणार नाही."

काका विरघळले. आम्हाला म्हणाले, "माझ्यामागे हिला कोण जपणार? तुम्ही हिच्यातून कांदे-बटाटे आणाल."

"आणूच! त्यासाठीच असते गाडी," मी म्हणाले. कांद्यांचं पोतं त्यांच्याच डोक्यावर ठेवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हॉल पुरा झाला की गाडी न्यायची, असं ठरलं. मावशी कपबशा उचलून आत गेली.

दोन दिवसांनी ती माझ्या स्कूलच्या दारात उभी. "मला शिकव."

"मावशी, या वयात?"

"या वयात म्हणजे? गाडी तरी कुठे तरुण आहे? ती दोरीच्या आत जाण्याआधी मला एकदा तिच्यातून तळ्यावर जायचंय. हे काही नेत नाहीत. मग मीच नेते."

मावशीची सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोनवर गेली. फोन जोडून देणं हे तिचं काम, त्यामुळे गिअर टाकतानाही ती गोड आवाजात "थांबा हं, जोडते" म्हणायची. मागचे हॉर्न वाजवायचे, ही शांतपणे "लाइनवर राहा" म्हणायची. घरी सांगितलं होतं, भाचीकडे गुडघ्यांच्या व्यायामाला जाते. क्लच दाबून दाबून गुडघ्याला व्यायाम होतच होता, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसऱ्या परीक्षेत पास. लायसन्स हातात घेऊन ती माझ्या ऑफिसात रडली आणि मीही रडले. उगाच कशाला लपवू?

हॉल तयार झाला. ट्रकवर चढवण्यापुरती तरी गाडी चाकांवर सरकायला हवी, म्हणून काकांनी माझ्या मेकॅनिकला बोलावलं. गाडी तसूभर हलेना. ब्रेक गंजून चाकांना धरून बसले होते, टायर खालच्या बाजूने चपटे झाले होते, सीटखाली उंदरांनी संसार थाटला होता आणि सायलेन्सर बोटाने दाबताच बिस्किटासारखा तुटला. इंजिन सुरू व्हायचं, पण पुरतं तापायच्या आत बंद केलं जायचं. आतली ओल आतच राहून लोखंड खात होती.

"पण मी दर रविवारी सुरू करत होतो!" काका म्हणाले.

"सुरू करत होता. नेत नव्हता," मी म्हणाले.

या क्षणाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. पण काका खाली वाकून त्या तुटक्या सायलेन्सरवर फुंकर घालून तो रुमालाने पुसायला लागले, आणि मला माझ्या तोंडाचा फार राग आला.

मेकॅनिकने आठवडाभर खपून सगळं दुरुस्त केलं. सोमवारी ट्रक येणार होता. आदल्या दिवशी शेवटचा रविवार. बूट-चपला ओळीने लागल्या. मावशी म्हणाली, "अहो, आज मी बसते स्टिअरिंगला."

काका हसले. "बस. शेवटचीच तर सहल." ते शेजारी बसले, मी मागे. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "निघायचं?"

"निघायचं," मावशी म्हणाली. "थांबा हं, जोडते." आणि गाडी निघाली.

गाडी गॅरेजबाहेर आली, अंगणातून पुढे सरकली, आणि फाटकाचा खांब जवळ येताच काका किंचाळले, "थांब! खांब!" मावशीने ब्रेक दाबला. काका घामाने थबथबले होते. मग त्या खांबाकडे बघत त्यांनी सांगितलं. गाडी घरी आणली त्या दिवशी पाय जरा जड पडला, गाडी उसळली आणि खांबाला घासली. गुपचूप रंग लावून घेतला. पण त्यानंतर तिच्यातून रस्त्यावर जायची हिंमतच झाली नाही. "धूळबीळ काही नाही गं. मला तिची भीती वाटते."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "खांबावरचा लाल रंग आपोआप गेला असं वाटलं का तुम्हाला? मी घासला. दोन घासण्या झिजल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, आज ना उद्या भीती जाईल, मग न्याल. पण डबीत ठेवलेल्या चष्म्यातून फक्त डबीला दिसतं हो." तिने पुन्हा पहिला गिअर टाकला. "घट्ट धरून बसा."

टेकडीच्या चढावर आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. काका आधी डोळे मिटून होते. मग एक उघडला. मग दुसरा. उताराला लागलो तेव्हा ते पुढे सरसावून म्हणाले, "अगं, जरा दाब की! शर्यतीची गाडी आहे, पाट्यावर वाटण वाटल्यासारखी काय चालवतेस?" मावशीने दाबलं. इतकी वर्षं घसा आवळून ठेवलेलं ते इंजिन असं काही मोकळं झालं की माझ्या अंगावर काटा आला. काका मोठ्याने हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तळ्याकाठी मावशीने किल्ली फिरवली आणि म्हणाली, "पोचलो."

काकांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी मागे बसून शिडी शोधावी तशी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर पाणी होतं.

मग उतरायला दार उघडलं आणि लक्षात आलं, तिघांच्याही बूट-चपला गॅरेजच्या दारात! रोज प्रत्येक शिकाऊचे बूट तपासूनच गाडीला हात लावू देणारी मी, मावशी मोज्यांवर एवढी गाडी चालवत आली तरी मला पत्ता नाही! काका मात्र सरळ चिखलात उतरले. आम्ही मोज्यांवरच तळ्याला अर्धी फेरी मारली. परत आलो तेव्हा काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग आतल्या फिक्या रंगाच्या गालिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "राहू दे. बसा."

सोमवारी संग्रहवाले ट्रक घेऊन आले. गाडीच्या नाकावर किडे चिकटलेले, चाकांना चिखल. दार उघडून त्यांनी आत वाकून पाहिलं, तर गालिच्यावर सहा पावलांचे ठसे. त्यांचा चेहरा पडला. "अहो, ही तर कुणीतरी चालवली!"

"आमच्या हिने," काका म्हणाले. बोलता बोलता त्यांनी त्या गृहस्थांचा चष्मा काढला, फुंकर घालून पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला.

"बरं, गालिचा बदलून घेऊ. ठरल्याप्रमाणे नेतो मी."

"कशी देऊ?" काका म्हणाले. "आज हिला कांदे-बटाटे आणायला जायचंय."