बुसादच्या कॅसेटची दुसरी बाजू

तसादीतआक्कानं धाकट्या भावाला, बुसादला, आईमागं वाढवलं ते जवाच्या भाकरीवर आणि सुक्या अंजिरांवर. अल्जीरियातल्या सगळ्या कबाईल डोंगरात तिच्याइतकी मारकुटी बाई नव्हती. पोरानं तेलाच्या डब्यावर सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणून गिटार केली, तर तिनं तीच त्याच्या पाठीत हाणली. डबा चेपला. पोरगं म्हणतंय कसं, "आक्का, आता आवाज जास्त चांगला येतोय." तिला हसू फुटलं, अन् तिथंच ती हरली.

पुढं त्यानं विजेवरची गिटार घेतली. लग्नात वाजवायला जायचा, अन् पहिल्याच गाण्याला म्हातारे उठून चालू लागायचे. गावराखणीवरचा अरेझ्कीकाका तर सगळ्यांदेखत म्हणायचा, गाढव कापायचंय तर एकदाचं कापा, छळता कशाला. बुसादनं राजधानीला, अल्जीरला, जाऊन एक कॅसेट काढली. वीसच खपल्या, बाकीचं पोतं घरी परत आलं. "अख्खी कॅसेट एकदा कुणी बसून ऐकावी, आक्का," म्हणायचा, "मला दुसरं काही नको."

मग ती कापाकापीची वर्षं आली. गाणंबजावणं बंद, असं धर्माच्या नावानं बंदुका उचलून डोंगरात दडलेल्या दाढीवाल्यांनी फर्मावलं. एके दिवशी शिपायांचे कपडे घालून त्यांनी घाटात बस अडवली. गिटार दिसली तसं बुसादला खाली ओढलं. आधी दगडावर ठेवून एकेक बोट ठेचलं. मग गळा चिरला. जाताना गिटारच्या तारा त्याच्या तोंडात कोंबून गेले.

आमच्यात बिनलग्नाचा पोरगा गेला की त्याला नवरदेवासारखा पाठवतात. आक्कानं त्या बोटांना मेंदी लावली. कुठलं बोट कुठं, कळत नव्हतं, तरी चाचपून दहाही रंगवली. बायकांनी जिभा हलवून लग्नातली किलकारी दिली, तिनंही दिली. रडली मात्र नाही.

चाळिसाव्या दिवशी तिनं रव्याचा कुसकुस शिजवला तो घरापुरता. दुपारी कबरस्तानात जाऊन बघते तर सात गावांची माणसं. कुणी टायरवाला, कुणी मेंढरं राखणारा, एक शाळेतली मास्तरीण. त्या वीस कॅसेटींच्या नकला, अन् नकलांच्या नकला, घरोघर फिरल्या होत्या. गाणी सगळ्यांना पाठ. आक्काचं डोकं भडकलं. "मग जिवंतपणी कुठं मेला होतात?" तिनं विचारलं. टायरवाल्यानं गुपचूप टेप कबरीशी ठेवला अन् कॅसेट लावली.

आक्का अरेझ्कीकाकाकडं वळली. "माझ्या भावाची वरात आहे, काका. बार काढा."

काकाला त्या मेलेल्या पोराची लाज वाटत होती. गावराखणीच्या पाचही बंदुका आभाळाकडं झाल्या.

आता बघ, लग्नात बार काढायचे तर आदल्या दिवशी नदीपलीकडच्या लष्करी चौकीला निरोप धाडायचा, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हे पडलं मयताचं. निरोपाचं एकाच्याही ध्यानात आलं नाही. चौकीला वाटलं, दाढीवाले गावात उतरले.

चौकीवरून आलेल्या गोळ्यांच्या पहिल्या झडीलाच मास्तरीण कोसळली. मेंढक्याचा जबडाच गेला. कबरींचे दगड फुटून तोंडावर उडत होते. सगळे उपडे पडले, मातीत नाक खुपसून. एकानं पांढरं फडकं हलवलं, त्याचा हात मनगटातून उडाला. जरा कुणी डोकं उचललं की वरून गोळीची शिट्टी यायची. अन् टेप आपला वाजतोय. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. उठून जाणार कोण?

मग टेप खट्‌कन थांबला. काका आक्काच्या शेजारीच पडला होता, मांडीतून रक्ताचा पाट वाहत होता.

"संपली का गं?"

"दुसरी बाजू आहे अजून."

"मग उलट की. मी कुठं चाललोय?"

आक्का कोपरांवर सरपटत कबरीपाशी गेली. एक गोळी तिच्या कानाचा तुकडा घेऊन गेली. तिनं कॅसेट उलटली, बटण दाबलं, अन् तिथंच टेपला हातांचा आडोसा करून पडून राहिली.

काका तिसऱ्या गाण्यापर्यंत होता.