बुधाजीभाऊंचं जुनं टपाल

एल्फिन्स्टनच्या पुलावर बुधाजीभाऊंची चाल मंदावली. पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकले आणि म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटरमधलं सगळं टपाल पुसलं हो रघुवीरने."

दर मंगळवारी सकाळी आम्ही डिलाईल रोडवरून प्रभादेवीपर्यंत चालत जायचो. मी सिद्धिविनायकाला, ते पाय मोकळे करायला. भाऊ बौद्ध, देवळात येत नसत. बाहेर माझ्या चपला सांभाळत उभे राहायचे आणि मी आले की विचारायचे, "काय म्हणाला तुमचा साहेब?" माझे मालक आणि ते एकाच गिरणीतले. मालक गेले तेव्हापासून हा आमचा नेम.

भाऊ मागखात्यात फिटर होते. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार, असं सांगणारे भेटायचे आणि भाऊ आपली हत्यारं तेल लावून ठेवायचे. दोन वर्षं ठेवली. मग वॉचमनची नोकरी केली, पन्नाशीच्या आसपास कॉम्प्युटर शिकले आणि गिरणी कामगारांच्या घरांसाठी झटणाऱ्या आमच्या कमिटीत टपाल सांभाळायला बसले. गावी परतलेल्यांची मुलं सायबर कॅफेतून बापाचा बिल्ला नंबर, हजेरीकार्डाचा फोटो, वारसांची नावं ईमेलने पाठवायची. भाऊ ते सगळं एका जुन्या प्रोग्राममध्ये जपून ठेवायचे.

तो प्रोग्राम बनवणाऱ्यांनीच सोडून दिलेला. कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली की रुसायचा. भाऊ मांडी घालून बसायचे. कधी येणाऱ्या टपालाची सेटिंग बदल, कधी जाणाऱ्याची. मेलवाल्या कंपनीने नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं, तेव्हा जुन्या प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड मिळतो हे त्यांनी शोधून काढलं. सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं. कुणी हसलं तर म्हणायचे, "धोटा अडकला म्हणून माग भंगारात घालतो काय रे?"

सेक्रेटरी रघुवीर त्यांच्या मागखात्यातल्या जोडीदाराचा मुलगा. भाऊंनीच त्याला टायपिंग शिकवलं. वर्षापूर्वी नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमच्याकडचं माझ्या फोनवर पण दिसू दे ना." भाऊंनी चार दिवस खपून तशी जोडणी केली. जुनी पत्रंही वर चढवली. एकीकडे असेल तेच दुसरीकडे.

गेल्या महिन्यात घरांची नवी यादी लागली. एकतीस नावं गळलेली. भाऊ सभेत उभे राहिले. "यांची पत्रं आहेत माझ्याकडे. कमिटीने यांची नावं पुढे का पाठवली नाहीत?"

"बघू ना काका," रघुवीर हसला.

मी त्या सभेत होते. माझ्या मालकांचं नाव यादीत होतं, म्हणून मी खाली बघत बसले. भाऊंनी ते पाहिलं होतं. तरी पुढच्या मंगळवारी चालायला हजर होते.

"काल मशीन लावलं," भाऊ पुलावर सांगत होते. "प्रोग्राम झक्कास उघडला. आत एक पत्र नाही. त्याने फोनवरून पुसलं, माझ्याकडचंही गेलं. मीच जोडून दिलं होतं ना."

"चुकून झालं असेल."

"विचारलं मी. म्हणतो, जागा भरली होती काका, जुना कचरा होता." ते पुन्हा चालू लागले. "संपात फसवलं ते मोठे लोक होते, वहिनी. हा माझ्या डब्यातलं खाऊन वाढलाय."

देवासमोर उभी राहिले. नुसते हात जोडले आणि बाहेर आले. भाऊंनी वाकून चपला पुढे ठेवल्या. साहेब काय म्हणाला, ते आज विचारलं नाही.

"जोडणी करायच्या आधीचा जुना कॉम्प्युटर माझ्या खाटेखाली आहे," ते हळू म्हणाले. "त्यात सगळी पत्रं आहेत. त्या प्रोग्रामशिवाय उघडत नाहीत. मी काही टाकत नाही हे रघुवीरला माहीत आहे, आज ना उद्या तो तिथे येईल. एकतीस घरांना एकेक छापून देईपर्यंत मशीन तुमच्याकडे ठेवा. इंटरनेटची वायर लावू नका, सिस्टीम आपोआप बदलली तर प्रोग्राम रुसेल. कुणी नवीन करून देतो म्हणालं तर हात लावू देऊ नका. आणि रघुवीरने विचारलं, तर माझ्याकडे मशीन नाही म्हणा, माझ्यासाठी एवढं एक खोटं बोला. तुम्ही देवाला जाणाऱ्या. तुमचं तो खरं मानेल."